काकूंचे सोळा व्हॉल्व्ह

समोरच्याला आधी तोंड उघडायला लावायचं, आत नीट डोकावायचं आणि मगच त्याच्याविषयी मत बनवायचं, हा नियम माणसांपासून मशिनपर्यंत सगळ्यांना सारखाच लावणारी व्यक्ती मी जगात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी पहिली घरमालकीण निघाली. चाळीस वर्षं काकूंनी इंग्लंडातल्या लोकांचे दात काढले, भरले आणि बसवले. निवृत्तीनंतर दवाखाना सुटला, पण नजर सुटली नाही. नवी किटली घरात आली की तिचं झाकण उघडून आत टॉर्च मारला जाई. टोस्टर, व्हॅक्यूम क्लीनर, कौन्सिलनं दिलेली कचऱ्याची नवी पेटी, सगळ्यांची तपासणी व्हायची. लंडनच्या ईलिंग रोडवर भाजी घेताना भेंडीचं टोक सगळ्याच बायका मोडून बघतात. पण नारळवाल्याला नारळ तिथेच फोडायला लावून, पर्समधला लांब दांड्याचा छोटा आरसा आत घालून खोबऱ्याची पाहणी करणाऱ्या त्या एकट्याच. तो गुजराती दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की चांगले नारळ आपणहून पुढे काढून ठेवायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "डॉक्टर आंटी आल्या, ताठ बस."

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा मला इंग्लंडात येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. करमाळ्याला वडिलांची पिठाची गिरणी. मराठी शाळेत शिकलेला मुलगा विलायतेत नोकरीला गेला याचं घरच्यांना जितकं कौतुक, तितकीच मला धास्ती. खोली भाड्यानं घेताना काय विचारतात, काय कागद मागतात, याची मी वहीत टिपणं काढून नेली होती. काकूंनी दार उघडलं, मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आ कर."

मी केला. त्या परिस्थितीत दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

"उजवीकडे, खालची, मागून दुसरी. किती दिवस दुखतेय?"

"चार महिने."

"वाटलंच. डावीकडूनच चावतोस. वडील काय करतात?"

"गिरणी आहे आमची. पिठाची."

"आणि तू?"

"मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे शिकलोय ते. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"अरेरे," काकू म्हणाल्या, जणू त्यांना दुसरी कीड सापडली होती. "पाना धरता येतो का पण?"

"येतो."

"मग खोली तुझी. सोमवारी माझ्या ज्युनिअरकडे जाऊन दाढ दाखवायची. अहो, ऐकलंत का, मुलगा राहतोय."

आतून काकांचा आवाज आला, "बिचारा." काका हे काकूंचे यजमान आणि निवृत्त रेडिऑलॉजिस्ट. त्यांचा जन्म माणसाला न उघडता आत काय आहे ते सांगण्यात गेला आणि काकूंचा उघडून बघण्यात. त्यामुळे त्या घरात एकमत असं कधी झालंच नाही. फ्रीजमधलं पातेलं न उघडता काका सांगायचे, "आमटी आहे." काकू झाकण काढून बघायच्या आणि म्हणायच्या, "हो, आमटीच आहे. पण तुम्हाला माहीत नव्हतं."

पाना कशासाठी ते दुसऱ्या दिवशी कळलं. घराच्या गॅरेजमध्ये एक गडद हिरवी अमेरिकन गाडी उभी होती. आठ सिलिंडरची. तिचं नुसतं बोनेट आमच्या करमाळ्याच्या स्वयंपाकघराएवढं होतं. काकू तरुणपणी ज्या गावात नोकरीला होत्या तिथे जवळच अमेरिकन वैमानिकांचा तळ होता, आणि मायदेशी परत निघालेला एक वैमानिक अक्कलदाढ काढून घ्यायला त्यांच्याकडे आला होता. "माझे दोन्ही हात त्याच्या तोंडात होते," काकू सांगायच्या, "आणि तशातच तो गाडी विकायचीय म्हणून सांगत होता. निम्मं कळलं. तेवढ्यावर घेतली." काकांची लहानशी गाडी त्या दिवसापासून बाहेर पावसात उभी. काका या अन्यायाबद्दल वर्षातून एकदा, पहिला बर्फ पडला की, दोन वाक्यं बोलायचे आणि मग खोरं घेऊन काच साफ करायला जायचे.

गाडी मात्र कित्येक वर्षं चालली नव्हती. काकूंनी मला तिचा आजार ज्या पद्धतीनं समजावून सांगितला, तसा माझ्या कॉलेजात कुणी सांगितला असता तर मी मेकॅनिकल सोडून दुसरीकडे गेलोच नसतो. "जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. व्हॉल्व्ह दर वेळी मिटताना ज्या कडेवर आपटतो, त्या कडेवर त्या शिशाची साय धरायची. मग सरकारनं शिसं काढलं. बरोबरच केलं, विष ते. पण या बाईच्या हिरड्या जुन्या वळणाच्या, मऊ. साय गेली, आणि व्हॉल्व्ह आपटून आपटून हिरडीत रुतले. मिटेना झाले. तोंड मिटत नाही तो माणूस जेवणार कसा?" उपाय त्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवला होता. दोन्ही सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाची वरची झाकणं, उतरवायची, झिजलेल्या सीट, म्हणजे त्या मऊ कडा, खरवडून काढायच्या, त्या जागी कडक पोलादाच्या रिंगा घट्ट बसवायच्या आणि त्यांवर नवे सोळा व्हॉल्व्ह. म्हणजे मग साध्या पंपावरचं साधं पेट्रोल चालेल. शिवाय हेड हातात आलेलंच आहे तर हवा आत जाण्याचे मार्गही गुळगुळीत करून घ्यायचे, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेता येईल. हे शेवटचं काम काकूंनी स्वतः केलं, आपल्या जुन्या दात कोरायच्या ड्रिलनं. गॅरेजमधून तो बारीक, अंगावर काटा आणणारा आवाज सुरू झाला की पोस्टमन पाकीट टाकून पळायचा.

मधलं काम घरी होण्यासारखं नव्हतं. स्लाऊच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक वयस्क सरदारजी मशिन शॉप चालवायचे. जुन्या सीट कापून नव्या रिंगा बसवणं हे त्यांचं काम. दोन्ही लोखंडी हेड आम्ही काकांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि काकूंनी दोघांनाही बेल्ट लावले. रिंगा गोठवून आकसवल्या आणि हेड तापवून पसरवलं की त्या आत अलगद बसतात आणि नंतर कायमच्या पकडतात. सरदारजींकडे त्याची सोय होती, पण काकूंचा दुसऱ्याच्या फ्रीजरवर विश्वास नव्हता. त्यांनी रिंगा आदल्या दिवशीपासून आपल्याच फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशव्यांमध्ये पुरून ठेवल्या. त्यातली एक दुपारी मटारभातातून काकांच्या ताटात आली. काकांनी ती चमच्यानं बाजूला काढली, चष्म्यावरून बघितली आणि म्हणाले, "ही तुझी असावी."

सरदारजींनी काकूंना बाहेर बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. त्यांच्या खांद्यावरून मान पुढे काढून, प्रत्येक रिंग बसली की आरसा घालून बघत उभ्या राहिल्या. शेवटी सरदारजी हिंदीत म्हणाले, "बहनजी, चालीस साल से यही काम करता हूँ." काकू म्हणाल्या, "मैं भी." त्यानंतर सरदारजी प्रत्येक रिंग बसवली की आपणहून बाजूला सरकायचे.

आता या सगळ्याला इतकी निकड का होती, ते सांगायला हवं. काकूंना काचबिंदू होता. समोरचं अगदी स्वच्छ दिसायचं. सुईत दोरा त्या माझ्याआधी ओवायच्या. पण बाजूची नजर कडेनं आत आत मिटत चालली होती. "नाकासमोरचा तीळ दिसतो," त्या सांगायच्या, "आणि शेजारून हत्ती गेला तर पत्ता लागत नाही." डोळ्यांच्या डॉक्टरनं गेल्या तपासणीत, गाडी चालवायला अजून हरकत नाही, पण पुढच्या वेळी काय ते बघू, असं सांगितलं होतं. त्या पुढच्या वेळची तारीख आली होती: दसऱ्यापासून दहाव्या दिवशी. काकूंना त्याआधी एकदा, एकदाच, साध्या पंपावर पेट्रोल भरून ती गाडी आपल्या हातानं समुद्रापर्यंत न्यायची होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. काकांनी मला सांगितलं, तेही बागेत, पाठमोऱ्यानं, गुलाबाची फांदी कापता कापता. न उघडता सांगायची त्यांची सवय होतीच.

शेवटचं नाजूक काम होतं प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटवर घासून बसवण्याचं. सीटवर घासायच्या बारीक खरीचा, म्हणजे पॉलिशपेपरवर असते तसल्या भुकटीचा, लेप लावायचा, रबरी टोकाची काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून रवीसारखी फिरवायची. सुरुवातीला खरखर आवाज येतो. कडा जुळत गेल्या की तो मऊ होत जातो. मग निळा रंग लावून बघायचं. सगळीकडून सारखं, अखंड निळं कडं उमटलं तरच पास. "आम्ही चावा बघायला निळा कागद देतो ना, तसंच," काकू म्हणायच्या. त्यांचा दंडक होता की एका दिवशी एकच व्हॉल्व्ह, सकाळी, नाश्त्यानंतर. दुसरा पेशंट घ्यायचा नाही. घासून झालेला व्हॉल्व्ह बुटांच्या खोक्याला सोळा भोकं पाडून केलेल्या स्टँडमध्ये त्याच्या नंबराच्या भोकात उभा राही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोळावा झाला. शनिवारी हेड चढवायची, रविवारी समुद्र, असं ठरलं. त्या दिवशी काकू जेवताना पहिल्यांदा गुणगुणल्या.

आणि दसऱ्याच्या सकाळी मी ते केलं.

आमच्या गिरणीत दसऱ्याला पट्टा उतरतो, जात्याच्या पाळ्या उघडतात, एकूण एक सुटा भाग घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्याला हळदकुंकू, झेंडू वाहतात. घरापासून दूर माझा तो पहिलाच दसरा. दाढेपासून ट्रेनच्या पासापर्यंत माझं सगळं ज्या बाईंनी मार्गी लावलं होतं, त्यांच्यासाठी आपण काही करावं असं मला फार दिवस वाटत होतं. काका-काकू वेम्बलीच्या देवळात गेलेले. मी गॅरेजमध्ये गेलो. सोळाही व्हॉल्व्ह खोक्यातून काढले, टबात कोमट साबणाच्या पाण्यात घालून त्यांवरची खर आणि निळा रंग धुऊन काढला, पुसून लखलखीत केले. एकाच पेटीतून आलेले, आठ लहान, आठ मोठे, मापानं तंतोतंत सारखे. आकडे भोकांवर होते, व्हॉल्व्हवर नव्हते. मला वाटलं, मोजायला सोपं जावं म्हणून असतील. पाटावर मी त्यांचं सुरेख कमळ मांडलं. आठ लहान आत, आठ मोठे बाहेर, मध्ये एक झेंडूचं फूल. फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, "मशिनला जपतोस. शाबास."

काकू आल्या, दारात थांबल्या. चपला काढल्या. पाटापुढे वाकून नमस्कार केला आणि कुंकवाचं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. मग स्टुलावर बसल्या.

"पाच नंबरचा कुठला रे?"

मी पाटाकडे बघितलं. सोळाही सारखेच चमकत होते.

"काकू, सगळे सारखेच आहेत ना?"

"इंजिनिअर, दात किती आहेत तुला?"

"बत्तीस."

"सगळे उपटून, धुऊन, जिथे जागा मिळेल तिथे परत लावले तर चालतील?"

तेव्हा मला कळलं. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या एकाच सीटशी घासून जुळवलेला होता. दुसऱ्या सीटवर तो आता परका होता. सोळा दिवसांची त्यांची मेहनत मी साबणाच्या पाण्यात घातली होती, आणि त्यांच्या हातात दहाच दिवस उरले होते. माझे डोळे भरून आले. व्हायव्हामध्ये नापास झालो असतो तर इतकी लाज वाटली नसती.

"पूजा छान केलीस," काकू म्हणाल्या. "झेंडू कुठे मिळाला?" मग त्यांनी ॲप्रन चढवला, कमळातला हाताला लागेल तो पहिला व्हॉल्व्ह उचलला आणि म्हणाल्या, "हा आता एक नंबर."

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, मी रजा काढतो, दिवसाला चार करू, चार दिवसांत संपवू. काकू मानेनंच नाही म्हणाल्या. "घाईनं बसवलेला दात रात्रीचा जेवताना ताटात पडतो. माझ्या हाताखाली कुणाचा पडला नाही." मग मी दुसऱ्या बाजूनं गेलो. तपासणीची तारीखच पुढे ढकलूया. हॉस्पिटलला एक फोन. तिथे सगळेच ढकलतात. हे बोलताना काका तिथेच होते. त्यांनी पेपर खाली केला आणि काकूंकडे बघितलं. त्यांनाही तेच हवं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"ढकलायची, आणि मधल्या महिन्यात मला न दिसणाऱ्या बाजूनं कुणी सायकलवर आलं तर?" काकू म्हणाल्या. "किडलेलं आहे असा संशय आल्यावर तोंड बंद ठेवून बसणारे पेशंट मी आयुष्यभर रागावून परत बोलावले. आता मी तेच करू? अहो, तो पेपर वर करा. तुमचाही चेहरा उघडाच आहे."

दहाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्या गेल्या. सकाळी दहावा व्हॉल्व्ह घासून मगच गेल्या. त्या तपासणीत एका पांढऱ्या घुमटात बघत बसायचं असतं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "बराच वेळ कुठे काही चमकलंच नाही. मला वाटलं मशिन बंद पडलंय."  घरी आल्याबरोबर त्यांनी लेटरपॅड मागितलं आणि लायसन्सच्या कचेरीला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं: आजपासून मी गाडी चालवणार नाही. लायसन्सचं कार्ड पाकिटात घातलं, पाकीट चाटून बंद केलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकून आल्या. पेटीच्या फटीतून आत डोकावल्याही असतील. मी बघायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर गॅरेजमधून खरखर ऐकू आली. अकरावा.

माझ्यानं राहवलं नाही. "काकू, आता कशासाठी?"

काठी फिरायची थांबली नाही. "चाळीस वर्षं लोकांना दात बसवले. ते काय मला चावायला मिळावं म्हणून? बस तिथे. सोळावा तुझ्या हातानं करायचाय, शिकून घे."

सोळावा मी केला. तळवे लाल झाले. मी तीनदा म्हणालो, "झालं वाटतं." तिन्ही वेळा निळं कडं कुठेतरी तुटलेलं निघालं. चौथ्यांदा काकू डोळे मिटून बाजूला उभ्या राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "थांब. आता आवाज मऊ झाला." कडं अखंड उमटलं होतं. त्यांनी आरसा घालून बघितलं. मग आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूही बघ. आपलं काम आपण बघावं एकदा."

नोव्हेंबरातल्या एका कोरड्या रविवारी गाडी बाहेर निघाली. विम्यात माझं नाव घातलेलं. इंजिन तिसऱ्या खेपेला जे सुरू झालं ते असं, की काका हातातला जेवणाचा डबा सांभाळत म्हणाले, "मिटतंय हिचं तोंड. बाहेरूनच कळतंय." यावर काकूंनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. काका मागे बसले. पंपावर आम्ही साधं पेट्रोल भरलं. टाकी भरेपर्यंत नळी काकूंनी स्वतः धरली.

गाडी अमेरिकन, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. मी डावीकडे बसून चालवत होतो आणि काकू उजवीकडे, जिथे या देशातल्या प्रत्येक गाडीत चालवणारा बसतो. मोठ्या रस्त्याला लागण्याआधीच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. एका वेळी एकच वाहन जाईल एवढी वाट. समोरून बस आली. मी बाजूला घेऊन थांबलो. बस शेजारून हळू पुढे सरकली आणि ड्रायव्हरनं, वाट दिल्याबद्दल इथे सगळेच करतात तसा, हात वर केला. माझ्याकडे नाही. उजवीकडे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या, हिरवा स्कार्फ बांधलेल्या बाईंकडे, कारण त्याच्या हिशेबानं गाडी त्याच चालवत होत्या.

काकूंनी मान जराशी वळवून त्याला नीट समोर घेतलं आणि हात वर केला. सावकाश, सवयीनं.

समुद्रापर्यंत आणखी कितीतरी जणांना मी वाट दिली. काही ठिकाणी तर गरज नसतानाही थांबलो. प्रत्येकानं काकूंना हात केला आणि काकूंनी प्रत्येकाला.  मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो.